मुलगी झाड होते तेव्हा: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात अमेरिकन संगीतकार जॉन ॲडम्सच्या 'ए फ्लॉवरिंग ट्री' या ऑपेराचा मी दोनच ओळींत उल्लेख केला होता, आणि त्यावर इतकी पत्रं येतील असं खरंच वाटलं नव्हतं. म्हणून यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. काही प्रश्न सारखेच होते ते एकत्र केलेत.

ताई, माझी आजी बेळगावकडची. ती एका मुलीची गोष्ट सांगायची, ती झाड व्हायची आणि तिची फुलं विकून घर चालायचं. हा ऑपेरा त्याच गोष्टीवर आहे का? आणि ही गोष्ट दोन हजार वर्षं जुनी आहे असं वाचलं, ते खरं का?

हो, तीच गोष्ट. तुमच्या आजीने कन्नडमधून ऐकली असणार आणि तुम्हाला मराठीतून सांगितली असणार, या गोष्टी अशाच सीमा ओलांडतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, कारण पुढचे सगळे प्रश्न त्यावरच आहेत.

एक म्हातारी, तिच्या दोन मुली, घरात अत्यंत गरिबी. आई दिवसभर लोकांकडे राबते. धाकटीला वाटतं आपण आईला काहीतरी हातभार लावायला हवा. ती मोठीला म्हणते, जागा झाडून धुवून स्वच्छ कर, दोन घागरी पाणी आण पण पाण्याला नख लागू देऊ नकोस, मी ध्यान लावून बसते, एक घागर माझ्या अंगावर ओत म्हणजे मी फुलांचं झाड होईन, मग हवी तेवढी फुलं खूड पण कोंब मोडायचा नाही, पान फाडायचं नाही, आणि झालं की दुसरी घागर ओत म्हणजे मी परत माणूस होईन. मोठी तसंच करते. फुलांचे हार राजवाड्यात विकले जातात. राजपुत्र त्या फुलांचा माग काढत येतो, लपून बघतो, लग्न होतं. लग्नानंतर तो तिच्याशी बोलतच नाही, आणि बोलतो तेव्हा म्हणतो आधी झाड होऊन दाखव. ती म्हणते मी काही राक्षसीण नाही, देवता नाही, सगळ्यांसारखी साधी बाई आहे. पण शेवटी नवऱ्यासाठी होते, रोज रात्री होते, आणि खिडकीखाली कोमेजलेल्या फुलांचा ढीग साठत जातो. तो ढीग नणंदेला दिसतो. ती हिला बागेत घेऊन जाते, मैत्रिणींसमोर झाड व्हायला लावते, पोरी फांद्या मोडतात, पानं ओरबाडतात, तेवढ्यात पाऊस येतो म्हणून दुसरी घागर अर्धीमुर्धी ओतून पळून जातात. आणि ती मुलगी अर्धी राहते. हात नाहीत, पाय नाहीत, धड माणूस नाही धड झाड नाही. बायकोचा पत्ता लागेना म्हणून राजपुत्र बैरागी होऊन भटकत सुटतो, आणि पुढे कधीतरी परक्या गावात, त्याच्या मोठ्या बहिणीच्या राजवाड्यात, दोघांची गाठ पडते. ती त्याला तेच सांगते, पाणी आण, ओत, मोडलेली फांदी सरळ कर, फाटलेलं पान बांध, मग दुसरी घागर ओत. आणि ती पूर्ण होते.

आता वयाचं. ऑपेराच्या जाहिरातीत दोन हजार वर्षांचा आकडा असतो खरा, पण तोंडी गोष्टीला जन्मतारीख नसते हो. ही गोष्ट ए. के. रामानुजन यांनी कर्नाटकात बायकांच्या तोंडून मिळालेल्या रूपांवरून इंग्रजीत आणली, तीही विसाव्या शतकात. त्याच रामानुजननी जुन्या तमिळ संगम कवितांचे अनुवाद केले, त्या कविता साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या जातात. मला वाटतं दोन्हीची गल्लत झालीय. गोष्ट जुनी असेलच, पण किती ते तिच्या अंगावर लिहिलेलं नाही.

रामानुजन म्हणजे कोण हेही दोघातिघांनी विचारलंय. १९२९ साली म्हैसूरमध्ये जन्म, घरात तमिळ, बाहेर कन्नड, अभ्यासाला इंग्रजी. पुढे शिकागो विद्यापीठात शिकवलं आणि १९९३ मध्ये तिथेच गेले. पण त्याआधी १९५०च्या दशकात ते बेळगावला कॉलेजात शिकवत होते आणि १९५८ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र शिकले. म्हणजे तुमच्या आजीच्या आणि त्यांच्या वाटा अगदी जवळून गेल्यात, हे मला फार आवडलं.

ऑपेरा म्हणजे आपलं संगीत नाटकच ना? आणि कानडी गोष्ट, अमेरिकन संगीतकार, तर त्यात स्पॅनिश कुठून आलं?

जवळचं आहे पण तेच नाही. संगीत नाटकात माणसं बोलतात, बोलता बोलता पदावर येतात, आणि पद रंगलं की वन्समोअर घेऊन तेच परत गातात, गोष्ट तेवढा वेळ थांबते. ऑपेरात बहुतेक सगळंच गायलं जातं, अगदी 'पाणी आण' हेसुद्धा, आणि सगळं आधी लिहून ठेवलेलं असतं, गायकाने आपल्या मनाची तान घ्यायची सोय फारशी नाही. मागे पेटी-तबला नाही, पूर्ण ऑर्केस्ट्रा. ही सवय लागायला थोडा वेळ जातो, मला पण लागला.

या ऑपेरात गाणारी पात्रं तीनच. कुमुदा, म्हणजे झाड होणारी मुलगी, तिचा उंच आवाज, राजपुत्र टेनर, म्हणजे पुरुषाचा उंच आवाज, आणि तिसरा गोष्ट सांगणारा, त्याचा आवाज खर्जातला. पहिल्या प्रयोगात जेसिका रिव्हेरा, रसेल थॉमस आणि एरिक ओवेन्स होते. हा गोष्ट सांगणारा मला आपल्या सूत्रधारापेक्षा कीर्तनकाराच्या जवळचा वाटतो, कारण तो पडदा उघडून निघून जात नाही, शेवटपर्यंत गोष्टीला धरून असतो. आणि पहिल्या प्रयोगात गायकांच्या सोबत जावा बेटावरचे तीन नर्तक होते, म्हणजे कुमुदा गातेय आणि तिचं शरीर दुसरं कुणीतरी नाचतंय असं. कुणाला हे विस्कळीत वाटेल पण मला ते गोष्टीला धरून वाटतं, एका मुलीची दोन शरीरं हाच तर विषय आहे.

आता स्पॅनिश. २००६ साली मोझार्टच्या जन्माला अडीचशे वर्षं झाली म्हणून व्हिएन्नात मोठा महोत्सव झाला, तो दिग्दर्शक पीटर सेलर्सने आखला होता. त्याने ठरवलं की मोझार्टचं जुनंच परत न वाजवता नवीन कामं करून घ्यायची, त्यात हा ऑपेरा झाला, १४ नोव्हेंबर २००६ ला, आणि कंडक्टर, म्हणजे समोर उभं राहून ऑर्केस्ट्रा चालवणारा, स्वतः ॲडम्स. कोरस, म्हणजे एकत्र गाणारा समूह, आणि ऑर्केस्ट्रा व्हेनेझुएलाहून आलेले, ऑर्केस्ट्रात सगळी तरुण पोरं. तिथे १९७५ पासून मुलांना वाद्यं हातात देऊन ऑर्केस्ट्रात वाढवायची मोठी चळवळ आहे, त्यातली. कोरसची भाषा स्पॅनिश, म्हणून कोरस स्पॅनिशमध्ये गातो आणि तिघे मुख्य गायक इंग्रजीत. सुरुवातीला मला हे ओढूनताणून आणलेलं वाटलं होतं. पण ऐकताना काय होतं, कुमुदाचे शब्द आतले आणि जमावाचे शब्द वेगळ्याच भाषेतले, त्यामुळे ती त्या गर्दीत किती एकटी आहे ते न सांगता कळतं.

मोझार्टशी नातं एवढंच की त्याचा 'द मॅजिक फ्लूट', १७९१ चा, तोही एका तरुण जोडप्याच्या परीक्षेचीच गोष्ट आहे, आग आणि पाण्यातून जाऊन शहाणं होण्याची. ॲडम्सने आपण त्यावरूनच सुचून हे केलं असं सांगितलंय. आणि याच्या अगदी आधी, २००५ ला, त्याचा अणुबॉम्बवरचा ऑपेरा आला होता. बॉम्बनंतर एकदम फुलांचं झाड, मला तर त्यात माणसाने मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटतं.

मूळ गोष्टीत आणि ऑपेरात फरक काय आहेत? आमच्याकडे शेवटी नणंदेला चुन्यात टाकतात असं सांगतात.

बरोबर ऐकलंत. रामानुजननी दिलेल्या रूपात शेवटी राजा खड्डा खणतो, पेटता चुना भरतो आणि स्वतःच्या धाकट्या मुलीला त्यात ढकलतो. ऑपेरा तिथपर्यंत जात नाही, कुमुदा परत माणूस झाली की संपतो. दुसरा फरक म्हणजे मूळ गोष्टीत तिला गटारातून एक कापूसगाडीवाला उचलतो, कण्हणं ऐकू येतं म्हणून गाडी थांबवतो, आपल्या पागोट्याचं फडकं तिच्यावर गुंडाळतो आणि गावाबाहेरच्या पडक्या मंडपात ठेवून जातो. ऑपेरात तिला गाणाऱ्यांची एक फिरती मंडळी उचलते, ती त्यांच्याबरोबर गावोगाव फिरते, आणि शेवटी राजपुत्र तिला ओळखतो ती आवाजावरून.

ऑपेराला हे सोयीचं आहे हे मान्य, हातपाय गेले तरी आवाज राहिला, गाणारीच्या गोष्टीत याहून चांगलं काय सुचणार. पण मला तो गाडीवाला हवा होता. त्याचं नाव नाही, त्याला बक्षीस नाही, गोष्टीत तो परत येत पण नाही. उघड्या पडलेल्या कुणालातरी डोक्यावरचं सोडून पांघरणारा माणूस, तेवढंच काम करून निघून जातो. आजीच्या तोंडून ऐकताना इथे सगळी पोरं गप्प होत असणार अशी माझी खात्री आहे.

चुना मात्र गेला ते बरं की वाईट, यावर माझं अजून ठरत नाही. सांगणाऱ्या बायकांनी तो ठेवलाय, पिढ्यानपिढ्या ठेवलाय, तर तो राग कुठूनतरी आलेला असणार, तो पुसून टाकताना जरा थांबायला हवं असं वाटतं.

माझी मुलगी बारा वर्षांची आहे. नवऱ्याच्या हौसेसाठी बाई रोज झाड होते ही गोष्ट तिला सांगावी का? मला तर वाचतानाच राग आला.

राग आला ते अगदी बरोबर, आणि म्हणूनच सांगा असं मी म्हणेन. या गोष्टीत राग यायची जागा आहेच, ती कुणी लपवलेली नाही.

एक बघा, ती झाड होते असे गोष्टीत एकंदर पाच प्रसंग आहेत. पहिल्यांदा स्वतःच्या मनाने, आईचे कष्ट बघवेनात म्हणून. दुसऱ्यांदा आईसमोर, कारण आईला पैशाचा संशय येतो, पोरी काही वाईट मार्गाला लागल्या की काय असं वाटतं, तेव्हा खरं दाखवायला. तिसऱ्यांदा नवऱ्याच्या हट्टापायी. चौथ्यांदा नणंदेच्या जबरदस्तीने. आणि पाचव्यांदा परत माणूस व्हायला. म्हणजे तेच शरीर, तीच शक्ती, पण दर वेळी मागणारा वेगळा आणि मागण्याची तऱ्हा वेगळी. बहिणीच्या हातात ती सुखरूप असते, कारण बहीण सांगितलेलं ऐकते. नवरा फुलं मोडत नाही पण रोज मागतो, तिला काय वाटतं ते विचारतच नाही. नणंद तर ऐकतच नाही. रामानुजननी लिहिलंय की ती झाड असते तेव्हाच सगळ्यात असहाय असते, जेव्हा ती सगळ्यात जास्त देत असते नेमकी तेव्हाच. हे वाक्य वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही, आणि मला वाटतं ज्या कुणी घरात वर्षानुवर्षं देत आल्यात त्यांना ते समजवायला लागणार नाही.

त्यांचा आणखी एक मुद्दा आहे तो मुलीला सांगताना उपयोगी पडेल. संस्कृतात पाळी आलेल्या बाईला पुष्पवती म्हणतात, तमिळमध्येही वयात येण्याचा शब्द फुलण्यावरूनच आलाय. आपण 'शहाणी झाली' म्हणतो. म्हणजे ही वयात येणाऱ्या मुलीची गोष्ट आहे, तुमच्या लेकीच्याच वयाची, शरीर अचानक बदलतं, सगळ्यांच्या नजरेत येतं, आणि त्याला कुणी कसा हात लावायचा ते ठरवण्याचा अधिकार कुणाचा हा प्रश्न उभा राहतो. त्या मुलीने पहिल्याच दिवशी नियम सांगितलेत ना. नख लावू नको, कोंब मोडू नको, पान फाडू नको, आणि झाल्यावर मला परत माणूस कर. आपल्या कहाण्यांत वसा सांगतात, उतू नकोस मातू नकोस घेतला वसा टाकू नकोस, अगदी त्या तालात वाचून बघा. फक्त इथे वसा देवाचा नाही, एका मुलीच्या शरीराचा आहे, आणि तो सांगतेय ती स्वतः.

रामानुजन असंही म्हणतात की पुरुषांच्या गोष्टी लग्नाशी संपतात आणि बायकांच्या गोष्टींत खरं संकट लग्नानंतर सुरू होतं. राजवाड्यात गेली आणि सुखी झाली असं ही गोष्ट म्हणत नाही. बारा वर्षांच्या मुलीला हे माहीत असलेलं चांगलंच.

सांगताना एकच करा, नवऱ्याच्या भागाशी आल्यावर थांबा आणि तिला विचारा की हिने काय करायला हवं होतं. आणि ती काय म्हणते ते मला कळवा.

परदेशी लोक आपल्या गोष्टी उचलून नाव कमावतात आणि आपण टाळ्या वाजवतो. हे तुम्हाला पटतं का?

तुमचं पत्र मोठं होतं आणि मनापासून लिहिलेलं होतं, म्हणून नीट उत्तर द्यायचा प्रयत्न करते. पूर्ण पटत नाही आणि पूर्ण खोडताही येत नाही.

पहिली गोष्ट, इथे काही लपवलेलं नाही. रामानुजनचं नाव ऑपेराला जोडलेलं आहे, शब्द ॲडम्स आणि सेलर्सनी त्यांच्याच अनुवादावरून बांधलेत, गोष्ट दक्षिण भारतातली हे जिथे तिथे सांगितलेलं असतं. दुसरं, ॲडम्सने संगीतात सतार-तबला घालून भारताची नक्कल केली नाही, त्याचं संगीत त्याचंच राहिलं, आणि मला हे प्रामाणिक वाटतं. खोटा राग ऐकवण्यापेक्षा आपल्या सुरात दुसऱ्याची गोष्ट सांगणं केव्हाही बरं.

पण बोचतं ते हे, की ज्या बायकांनी ही गोष्ट सैपाकघरात, भाकऱ्या थापताना, पोरांना झोपवताना सांगत सांगत इथवर आणली त्यांचं नाव कुठेच नाही. तो दोष एकट्या ॲडम्सचा नाही हो. आपण तरी कुठे विचारतो की आजीला ही गोष्ट कुणी सांगितली? रामानुजन निदान ऐकायला बसले.

आणि 'आपण' काही केलं नाही असंही नाही. गिरीश कार्नाडांनी याच गोष्टीवर १९९२ मध्ये 'चेलुवी' हा हिंदी चित्रपट केला, झाड होणारी मुलगी आपली सोनाली कुलकर्णी, तिचं पहिलंच काम, आणि संगीत भास्कर चंदावरकरांचं. पर्यावरणावरच्या चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. म्हणजे ऑपेराच्या चौदा वर्षं आधी ही गोष्ट पडद्यावर आली होती, दोन मराठी कलावंत त्यात होते, आणि आज किती जणांनी पाहिलाय? २०१४ मध्ये तर पॅरिसच्या शातले थिएटरात हाच ऑपेरा विशाल भारद्वाजने बसवला. येणंजाणं चालू आहे. मला राग येतो तो याचा की आपल्याकडे 'चेलुवी'वर बोलणारं कुणी सहज भेटत नाही.

शाळेच्या स्नेहसंमेलनात ही गोष्ट बसवायची आहे. परवानगी लागेल का?

लोककथा कुणाच्या मालकीची नाही, ती खुशाल बसवा. पण रामानुजनचा इंग्रजी मजकूर किंवा ऑपेराचे शब्द आणि संगीत जसंच्या तसं घेतलंत तर परवानगी लागू शकते. मी म्हणते कशाला घ्यायचं, मुलांना घरी आजीला विचारायला लावा आणि त्यांच्याच बोलीत लिहा. झाड दाखवायला पुठ्ठ्याचा कटआऊट नको, दहाबारा मुलांनी मिळून झाड व्हावं आणि हातात खरी फुलं धरावीत. म्हणजे ती खुडणाऱ्याला प्रत्येक वेळी कुणाच्यातरी बोटांतून अलगद काढून घ्यावी लागतील, आणि नणंदेच्या प्रसंगात हिसकावल्यावर काय दिसतं ते तुम्हीच बघाल.

मी आयुष्यात ऑपेरा ऐकलेला नाही. कुठून सुरू करू? झोप लागेल अशी भीती वाटते.

लागली तर लागू दे, परत ऐका. २००८ मध्ये लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रासोबत केलेलं रेकॉर्डिंग आलंय, तेच तिघे गायक आहेत, ते शोधा. दोन अंक आहेत, एका बैठकीत संपवायची सक्ती नाही. आधी गोष्ट वाचून घ्या, वर दिलीय तेवढी पुरे, कारण गाताना इंग्रजी शब्द कळत नाहीत, इंग्रजी येणाऱ्यांनाही कळत नाहीत. हेडफोन लावा. सुरुवातीला गोष्ट सांगणारा येतो, त्याच्या आवाजाला धरून चला, बाकीचं कळलं नाही तरी सोडून द्या. मग कुमुदा पहिल्यांदा झाड होते तिथपर्यंत या, तेवढंच दोनतीनदा ऐका. दुसऱ्या अंकात नणंदेची बाग येते, तिथे तिला तेच परत करायला लावतात, आणि तुम्हाला आधीचं आठवत असेल तर काय बदललंय ते कुणी न सांगता ऐकू येईल. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रात्री इथेच थांबले होते, पुढचं दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकलं.